चालते पाय आणि निरोगी यकृत

हल्ली पुष्कळ घरांत एक कागद येऊन पडतो. पोटात दुखते म्हणून, परदेशातील नोकरीसाठी म्हणून, किंवा डॉक्टरांनी सहज सुचविले म्हणून सोनोग्राफी केलेली असते. आणि अहवालाच्या तळाशी 'फॅटी लिव्हर, ग्रेड एक' असे शब्द छापलेले असतात. दुखणे काहीच नसते. जेवण नेहमीसारखे जात असते. मग त्या कागदाचे दोन प्रकारे स्वागत होते. कोणी म्हणतो, "मी दारूला शिवत नाही, अंगानेही लठ्ठ नाही, माझे यकृत कशाने बिघडणार?" आणि कागद कपाटात जातो. दुसरा घाबरतो, महिनाभर पहाटे उठून तरातरा चालतो, महिन्याअखेर वजनकाट्यावर उभा राहतो, काटा जागचा हललेला नाही हे पाहून म्हणतो, "व्यर्थ श्रम!" आणि पुन्हा अंथरुणाला जवळ करतो.

वाचकहो, या दोघांचीही समजूत चुकीची आहे, आणि दोघांचेही त्यात नुकसान आहे. म्हणून आजच्या स्तंभासाठी आम्ही हाच विषय निवडला. आमचे सांगणे थोडक्यात असे की, यकृतावर चढणारी चरबी ही बहुतेक वेळा निष्क्रिय स्नायूंची फिर्याद असते. आणि स्नायू कामाला लागले म्हणजे, वजनकाटा हलो वा न हलो, यकृताचा भार हलका होऊ लागतो.

गोव्यावरील सावट

हा प्रश्न दूरदेशीचा नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मधुमेहाच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या माणसांत मधुमेहाचे प्रमाण साऱ्या देशात ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते. दर चार प्रौढांमागे एक! उत्तर प्रदेशात हेच प्रमाण ४.८ टक्के होते. मधुमेह आणि यकृताची चरबी ही एकाच आईची लेकरे आहेत. प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांच्या यकृतावर चरबी सापडते. आणि ज्यांच्या यकृतावर आज चरबी आहे, त्यांना उद्या मधुमेह जडण्याचा धोका इतरांहून मोठा असतो. या दोघांची आई म्हणजे शरीराने इन्शुलिनला दाद न देण्याची अवस्था.

आता आपल्या गावाकडे दृष्टी टाकू. आमचे चोपडे हे पेडणे तालुक्यातील, शापोरा नदीच्या उत्तर तीरावरील गाव. पूल नव्हता त्या काळी पलीकडे शिवोलीस जायचे तर आधी पायी धक्का गाठावा लागे, फेरीबोटीची वाट उभ्याने पाहावी लागे, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतताना भरल्या पिशव्या दोन्ही हातांनी वाहाव्या लागत. शेजारच्या आगरवाड्याच्या मिठागरांत मीठ ओढणे, खाजनात चिखल तुडवीत लावणी करणे, माडावर चढणे, रापण ओढणे, विहिरीचे पाणी शेंदणे, ही सारी कामे अंगमेहनतीची. त्या काळी कोणी 'व्यायाम' हा शब्द उच्चारला असता तर लोक हसले असते.

ते दिवस सुखाचे होते असे आम्ही म्हणत नाही. त्या कष्टांत उपासमार होती, आजार होते, अकाली वार्धक्य होते. पूल झाला, स्कूटर आली, नळ आला, मिक्सर आला, ही प्रगतीच होय, आणि ती परत पाठवावी असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु या प्रत्येक सोयीने आपल्या हातापायांचे थोडे थोडे काम काढून घेतले. ताटातील भात आणि पोदेराचा पाव मात्र होता तेवढाच राहिला, वर बाटलीतील गोड पेये आली. मोपा येथे विमानतळ झाल्यापासून पेडण्यातील किती तरी तरुण दिवसाचे दहा दहा तास टॅक्सीच्या चाकामागे बसून असतात. बापाच्या अंगास जे श्रम पडत ते मुलाच्या अंगास पडत नाहीत, मात्र भूक बापाचीच आहे. या हिशेबातील शिल्लक कोठे तरी जमा होणारच.

साखरेचा प्रवास

ती शिल्लक यकृतात कशी जमा होते, हे समजण्यास जुन्या धक्क्याचेच उदाहरण घेऊ. भात, पाव, मिठाई यांतील पिठूळ अंश पचून त्याची साखर होते आणि ती रक्तात येते. ही साखर म्हणजे अलीकडच्या धक्क्यावर आलेले उतारू. त्यांना पैलतीरी, म्हणजे स्नायूंत, जावयाचे असते. कारण जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा घेणारे अवयव स्नायू हेच होत. इन्शुलिन हा स्वादुपिंडातून निघणारा रस म्हणजे बोटीला बोलावणारी हाक. हाक ऐकताच बोट यावी, उतारूंनी पलीकडे जावे, धक्का मोकळा व्हावा, असा निसर्गाचा क्रम आहे.

परंतु स्नायू दिवसचे दिवस बसून राहिले की त्यांतील साखरेचा साठा खर्च होत नाही आणि पेशींत चरबीचे कण साचू लागतात. अशा स्नायूंना हाक ऐकू येईनाशी होते. मग स्वादुपिंड अधिक मोठ्याने हाका घालते, म्हणजे अधिक इन्शुलिन सोडते. यातच खरी मेख आहे. स्नायू बहिरे झाले तरी यकृत इन्शुलिनचा एक हुकूम अद्याप इमानाने पाळीत असते: 'उरलेल्या साखरेची चरबी कर.' धक्क्यावर खोळंबलेले उतारू मग यकृताच्या दारी येतात आणि तेथे त्यांची चरबी बनते. पोटाच्या घेरातील चरबीही विरघळून रक्तावाटे यकृताकडे येत राहते. निरोगी यकृतात चरबीचा अंश अत्यल्प असतो. तो पाच टक्क्यांच्या वर गेला की त्यास रोग समजतात.

सर्वच मधुमेही इन्शुलिनला सारखी दाद देत नाहीत, हे लंडनचे डॉक्टर हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ सालीच दाखविले होते. तथापि व्यायामाने यकृतात काय घडते याचा उलगडा अलीकडचा आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली इन्शुलिनला दाद न देणाऱ्या, परंतु तरुण व सडपातळ अशा माणसांकडून एकदाच पंचेचाळीस मिनिटे व्यायाम करवून घेतला आणि त्यानंतर त्यांना पिष्टयुक्त आहार दिला. व्यायाम न केलेल्या दिवसाच्या तुलनेने त्यांच्या यकृतात नवी चरबी बनण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटले. यकृताला कोणी हातही लावला नव्हता. स्नायूंनी आपला वाटा उचलला, एवढेच घडले होते.

याचे कारण असे की, काम करणाऱ्या स्नायूला साखर आत घेण्याचे एक दुसरे दार असते. पाय चालू लागले, हाताने ओझे उचलले, की ते दार इन्शुलिनच्या हाकेवाचूनही उघडते. शिवाय काम संपल्यावरही स्नायू एक-दोन दिवस इन्शुलिनची हाक अधिक चांगली ऐकतात. हा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण व्यायाम कधी व किती करावा, याचे उत्तर तिच्यातच आहे.

सडपातळ माणसाची फसगत

आता 'मी लठ्ठ नाही' म्हणणाऱ्या आपल्या बंधूंकडे वळू. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचेच छायाचित्र छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३, म्हणजे दोघेही काट्याच्या दृष्टीने सडपातळ. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. युडकिन हे लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे. याज्ञिकांनी स्वतःविषयी मिस्कीलपणे नमूद केले की, आपले धावणे रोज सकाळी रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ती गाठण्यापुरतेच आहे.

हा विनोद सोडला तरी त्यातील सत्य गंभीर आहे. आपल्या लोकांत बारीक हातपाय आणि सुटलेले पोट असा बांधा फार आढळतो. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास केला, तेव्हा ती सरासरी २.७ किलो वजनाची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टन येथील बालकांहून सुमारे पाऊण किलोने हलकी भरली. तरी त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. उणीव होती ती मांसाची. म्हणजे स्नायूंचे भांडवल आपल्याकडे जन्मतःच थोडे. ज्याचे भांडवल थोडे त्याने ते अधिक राबवावयास हवे. आपण नेमके उलट करीत आहो.

म्हणून वजनापेक्षा कमरेचा घेर मोजावा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर यांच्या वर गेला, तर काटा काहीही सांगो, सावध व्हावे.

राहिला प्रश्न दारूचा. दारूने यकृतावर चरबी चढते हे खरेच आहे. परंतु चरबी चढावयास दारूच लागते असे नाही. १९८० साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील डॉ. लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही तशीच सूज व तसेच चट्टे असल्याचे वर्णन केले, आणि त्या विकारास स्वतंत्र नाव दिले. मात्र जो दारू पितो आणि ज्याचे पोटही सुटले आहे, त्याच्या यकृतावर दुहेरी घाव बसतो. यकृतावर चरबी आहे असे एकदा कळल्यावर फेणी असो वा उराक, 'थोडीशी' म्हणूनही घेऊ नये, असेच आमचे स्पष्ट मत आहे. सणाला पाहुण्यांचा आग्रह होतो. तो आग्रह सोलकढीच्या पेल्याने पुरविता येतो.

वजनकाट्याची साक्ष

आता जो महिनाभर चालून निराश झाला त्याच्याशी दोन शब्द. बाबा रे, तू चुकीच्या साक्षीदाराला विचारलेस. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ माणसांना चार आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, सायकलसारख्या यंत्रावर व्यायाम करावयास लावले. त्यांचे वजन घटले नाही. परंतु यकृतातील चरबी पूर्वीच्या सुमारे एकपंचमांशाने उतरली. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे २०११ साली असाच प्रयोग वजने उचलण्याच्या व्यायामावर झाला. आठ आठवड्यांत वजन तेवढेच राहिले आणि यकृताची चरबी सुमारे तेरा टक्क्यांनी घटली. दोन्ही प्रयोग थोड्याच माणसांवरील होते हे खरे. पण पुढील अनेक अभ्यासांचा कौल त्याच दिशेचा आहे. काटा चरबी, मांस आणि पाणी यांची एकत्र बेरीज सांगतो. त्या बेरजेच्या आत कोण कोठून उठून गेले हे तो सांगत नाही.

पण एवढ्यावरून वजनाकडे दुर्लक्ष करावे, असा अर्थ कोणी काढू नये. ज्यांचे वजन वाजवीपेक्षा अधिक आहे, त्यांचे वजन आहार व व्यायाम या दोहोंनी मिळून सात ते दहा टक्क्यांनी उतरले, तर यकृताची सूजही ओसरू लागते. ऐंशी किलोच्या माणसास हे सहा ते आठ किलो झाले. चट्टे पडू लागलेल्या यकृताला तर सुमारे दहा टक्क्यांच्या घटीची आवश्यकता असते. नुसत्या चालण्याने चट्टे पुसले जातात असे आम्ही सांगणार नाही. याचा अर्थ एवढाच की, पहिला लाभ वजनाच्या आधी मिळतो आणि मोठा लाभ वजनाबरोबर मिळतो. पहिल्या लाभाची पावती काट्यावर दिसत नाही म्हणून दुसऱ्या लाभाची वाटच सोडणे, हा शहाणपणा नव्हे.

मधुमेह टाळण्याबाबतही असाच अनुभव आहे. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक माणसांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यास दीडशे मिनिटांचा व्यायाम व वजनातील माफक घट यांनी मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी टळला. मेटफॉर्मिन या औषधाने तो ३१ टक्क्यांनी टळला. चेन्नई येथे आपल्याच देशबांधवांवर झालेल्या २००६ सालच्या अभ्यासात राहणीतील बदलाने २८.५ टक्के धोका कमी झाला. आपल्या लोकांत लाभ थोडा कमी दिसला; पण ज्या राज्यात चारांपैकी एकाला मधुमेह आहे, तेथे एवढा लाभही किती घरे वाचवील!

काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम असे माप सांगितले आहे. घरगुती भाषेत त्याचा अर्थ असा:

पहिले, आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालावे. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका दम लागला म्हणजे वेग योग्य. व्यायामाचा गुण दोन-तीन दिवसांत ओसरतो हे वर सांगितलेच आहे; यास्तव लागोपाठ दोन दिवस खाडा पडू देऊ नये. रविवारी तीन तास चालून सोमवार ते शनिवार बसून राहणे, हा सौदा यकृताला पटत नाही.

दुसरे, आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोराचे काम द्यावे. त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे व बसावे, भिंतीला तळवे टेकून अंग पुढे मागे न्यावे, पाण्याने भरलेल्या बादल्या दोन्ही हातांनी अंगणाच्या टोकापर्यंत नेऊन आणाव्या. माडांना पाणी घालणे, कुदळ चालविणे हीही उत्तम कामे होत.

तिसरे, जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये. दहा-पंधरा मिनिटे अंगणात येरझारा घातल्या तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. टॅक्सीवाल्या तरुणांनी गिऱ्हाइकाची वाट पाहताना गाडीत मोबाइल पाहत बसण्याऐवजी खाली उतरून फेऱ्या माराव्या. पावसाळ्यात बाल्कांवात वा चर्चच्या सभागृहात चालण्यास कोणाची हरकत नसावी. ज्यांच्या घरापासून चर्च मैलभराच्या आत आहे, त्यांनी मिस्सेला जाताना स्कूटर घरीच ठेवावी. संध्याकाळच्या रोझरीपूर्वीचा अर्धा तास पतिपत्नींनी मिळून चालण्यास दिला, तर दोघांचेही खाडे कमी होतील.

आमच्या भगिनींस विशेष सांगणे आहे. "दिवसभर घरकाम करते, आणखी व्यायाम कशाला?" असे त्या म्हणतात. थकवा खरा आहे. परंतु ओट्यापाशी उभे राहून आलेला थकवा आणि स्नायूंना पडलेले काम या दोन गोष्टी भिन्न आहेत. घरातील पुरुषांनीही समजून घ्यावे की, गृहिणीला अर्धा तास बाहेर पडता यावे म्हणून त्या वेळेची भांडी कोणी तरी दुसऱ्याने घासावयास हवीत.

आहाराविषयी स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. तूर्त एवढेच, की बाटलीतील गोड पेये बंद करावी, भाताचा एक चमचा कमी करून त्या जागी आळसांदे, कुळीथ वा मासळी वाढावी, आणि रात्रीचे जेवण लवकर उरकावे.

सावधगिरी

ज्यांना मधुमेहाची औषधे, विशेषतः इन्शुलिन, चालू आहेत, त्यांनी व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि चालताना खिशात साखर ठेवावी. घाम फुटून हातपाय कापू लागले तर ती ताबडतोब तोंडात टाकावी. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालू नये. छातीत दाटल्यासारखे झाले तर जागीच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

ज्यांच्या अहवालात यकृताची चरबी निघाली आहे त्यांनी घाबरू नये. बहुसंख्यांचे यकृत अखेरच्या अवस्थेस जात नाही. परंतु काहींचे जाते, आणि कोणाचे जाईल हे बाहेरून दिसत नाही. म्हणून वय, यकृताच्या दोन रक्ततपासण्या आणि प्लेटलेटची संख्या यांवरून चट्ट्यांचा अंदाज डॉक्टरांकडून काढून घ्यावा. सोबत साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल तपासावे, कारण अशा रुग्णांचा घात यकृतापेक्षा हृदयविकारानेच अधिक होतो. भारत सरकारने २०२१ साली हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. तेव्हा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात याविषयी विचारण्यास संकोच करू नये. 'लिव्हर साफ करणारी' म्हणून विकली जाणारी चूर्णे व काढे मात्र परस्पर घेऊ नयेत. त्यांतील काहींनी निरोगी यकृतालाही इजा केलेली आहे.

यकृत हा मुका अवयव आहे. तो शेवटपर्यंत तक्रार करीत नाही. म्हणून त्याच्या वतीने बोलणारा तो अहवालाचा कागद कपाटातून काढावा, पुन्हा एकदा वाचावा, आणि उद्या पहाटेपासून रस्त्याला लागावे. चार आठवड्यांनी काट्याला काय वाटते याची चौकशी करू नये. खाडे किती पडले, एवढेच कॅलेंडरवर पाहावे.